जुनी मोटार, नवे टायर आणि अमानतीचा प्रश्न

नीतीचे प्रश्न नेहमी मोठ्या दरवाजाने घरात येतात, अशी आपली एक समजूत असते. युद्ध, फाशी, व्याज, दयामरण असे विषय निघाले की आपण सावरून बसतो, ग्रंथ उघडतो, दोन्ही बाजू मांडतो. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहाशे मैल धावणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स कारला कोणते टायर घालावेत, हा प्रश्न त्या रांगेत बसवला तर वाचक हसतील. श्रीमंतांच्या खेळण्याची चिंता आपण कशाला वाहायची, असेही कुणी विचारील. विचारणे रास्त आहे. पण या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नात एका सुंदर वस्तूशी असलेली निष्ठा आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा जीव समोरासमोर येतात, आणि निवाडा करायला बहुतेक वेळा मालकाखेरीज कुणीच हजर नसते. म्हणून आम्हाला तो विचारात घेण्याजोगा वाटतो.

उदाहरण नेमके असावे म्हणून एकच गाडी घेऊ. मार्च 1961 मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या जग्वार कंपनीने 'ई-टाइप' ही गाडी मांडली. 3.8 लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, चारही चाकांना डिस्क ब्रेक, तारेच्या आऱ्यांची चाके, लांबलचक नाक आणि ताशी 150 मैलांचा, म्हणजे सुमारे 240 किलोमीटरचा दावा. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 1996 साली ही गाडी आपल्या संग्रहात घेतली. म्हणजे तिला कलाकृती म्हणणे ही केवळ मोटारवेड्यांची अतिशयोक्ती नाही. पहिल्या ई-टाइप गाड्या डनलॉपच्या 'आरएस5' जातीच्या, 6.40-15 मापाच्या क्रॉसप्लाय टायरवर बाहेर पडल्या. पुढे काही वर्षांत 185-15 मापाचे रेडियल आले.

या दोन शब्दांत फरक काय, हे समजल्याशिवाय पुढचा वाद समजणार नाही. टायरच्या पोटात रबराबरोबर धाग्यांचे थर असतात. क्रॉसप्लायमध्ये हे धागे तिरपे, एकमेकांना छेद देत जातात, बाजेच्या विणीसारखे. रेडियलमध्ये ते एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली एक घट्ट पट्टा असतो, बहुधा पोलादी तारांचा. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने या रचनेचे पेटंट 1946 साली घेतले आणि 1949 पासून 'एक्स' नावाने तो टायर बाजारात आणला. रेडियल रस्ता घट्ट धरतो, कमी तापतो, जास्त टिकतो. क्रॉसप्लाय रस्त्यावरच्या प्रत्येक चरात नाक खुपसतो. पण पकड सोडायची वेळ आली की तो हळूहळू, जणू सांगून सोडतो. रेडियल बराच वेळ धरून ठेवतो आणि मग एकदम सोडतो. जुन्या चालकांना तो सांगून घसरण्याचा गुण प्रिय असतो, आणि त्यात नुसती हौस नाही. हाताला गाडीची भाषा कळण्याचा तो आनंद आहे.

सव्वा टनाची गाडी रस्त्याला स्पर्श करते ती चार तळहातांएवढ्या जागेत. ब्रेक, स्टिअरिंग, इंजिन यांची सारी करामत शेवटी त्या चार तळहातांतून जाते. तेव्हा मालक टायर बदलायला निघतो, त्या वेळी त्याच्या मनात कोणकोणते मोह उभे राहतात ते पाहू.

सर्वांत सोज्वळ दिसणारा मोह म्हणजे काहीच न बदलण्याचा. गाडीबरोबर आलेले टायर, किंवा त्याच काळातले, कुठल्याशा कोठारात जपलेले टायर तसेच ठेवायचे. काही प्रदर्शनांत टायरचे माप आणि जात बघूनही गुण दिले-कापले जातात, म्हणून या मोहाला प्रतिष्ठाही आहे. त्याच्या अगदी उलट मोह स्वस्ताईचा. 195/65-15 हे माप मध्यम आकाराच्या घरगुती गाड्यांना वर्षानुवर्षे चालत आले आहे, म्हणून ते स्वस्त आणि कुठेही मिळणारे. रिम पंधरा इंचाची, म्हणजे बसतेही. पण हिशेब करून पाहावा. 185-15 या जुन्या मापात टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या सुमारे 82 टक्के धरतात. चाकाचा एकूण व्यास साधारण 684 मिलिमीटर होतो. 195/65 मध्ये तो 635 च्या आसपास येतो. पाच सेंटिमीटरचा फरक! गाडी अडीच सेंटिमीटर खाली बसते, स्पीडोमीटर सात-आठ टक्के जास्त वेग दाखवू लागतो, त्याच वेगाला इंजिन तेवढेच जास्त फिरते. शिवाय तारेच्या आऱ्यांच्या चाकात ट्यूब लागते, आणि ट्यूबलेस म्हणून बनवलेल्या कित्येक आधुनिक टायरच्या आतल्या अंगाला बारीक कंगोरे असतात. ते ट्यूबला घासत राहतात. बाहेरून काही दिसत नाही.

आणि तिसरा मोह रुंदीचा. 205/70-15 पर्यंत गेले तर व्यासात दोनेक टक्क्यांचाच फरक पडतो, त्यावर फार वाद घालू नये. पण त्याहून रुंद, नरम रबराचे, शर्यतीच्या जातीचे टायर घालून 'पकड वाढवली' म्हणणारे मालक असतात. पकड वाढली की वळणावर येणारा ताण नाहीसा होत नाही. तो टायरवरून आऱ्यांवर, बेअरिंगवर, सस्पेन्शनच्या दांड्यांवर जातो, आणि हे सारे भाग 1961 च्या टायरची ताकद गृहीत धरून आखलेले असतात. पहिल्या ई-टाइपमध्ये पॉवर स्टिअरिंग नव्हते, म्हणून मनगटांनाही त्याची खबर लागते. ताकदीचा शौक आणि सुरक्षेची काळजी या दोन गोष्टी एकाच कपड्यात फिरतात, हे आपण इतर ठिकाणीही पाहतोच.

या साऱ्यांपलीकडे एक सरळ वाट आहे, फक्त ती महाग आहे. जुने माप, जुनी नक्षी, पण आजचे ताजे रबर असे टायर आजही बनतात. पिरेलीचा सिंतुरातो 185 व्हीआर 15 या मापात मिळतो, व्रेडेस्टाइनचा स्प्रिंट क्लासिकही 185-15 मध्ये आहे. मापापुढचे अक्षर वेगाची मर्यादा सांगते: एस म्हणजे ताशी 180 किलोमीटर, एच म्हणजे 210, आणि व्ही त्याच्याही वर. इथे एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. मालक म्हणतो, 'मी कधी शंभराच्या वर जात नाही, मला एस पुरेल.' आम्हाला हे पटत नाही. टायर मालकाच्या स्वभावाकडे बघून घ्यायचा नसतो, गाडीच्या ताकदीकडे बघून घ्यायचा असतो. उद्या चावी मुलाच्या हातात जाईल, परवा गाडी विकली जाईल. साठ वर्षांची गाडी आज ज्याच्या दारात उभी आहे त्याच्या आधी कित्येकांच्या दारात उभी होती. आपण तिचे मालक कागदावर. खरे तर राखणदार. अमानत हा शब्द आपण पैशाच्या व्यवहारापुरता ठेवला आहे, पण ज्याच्यासाठी राखायचे तो माणूस अजून ठाऊकही नाही, अशी अमानत जास्त कठीण असते.

आता पहिल्या मोहाकडे परत येतो, कारण खरा पेच तिथे आहे.

रबर वापरून झिजते हे सर्वांना ठाऊक आहे. न वापरता मरते, हे कमी लोकांना ठाऊक असते. हवेतला प्राणवायू आणि ओझोन रबराला हळूहळू कडक करतात. त्यापासून बचाव म्हणून टायरमध्ये मेण आणि इतर रसायने घातलेली असतात. टायर फिरतो, दबतो, ताणला जातो, तसतशी ती पृष्ठभागावर येत राहतात. गाडी उभीच राहिली की हा पाझर मंदावतो. म्हणजे जी गाडी कव्हर घालून, कुलूप लावून, जिवापाड जपली जाते, तिच्याच टायरची नक्षी भरगच्च आणि रबर मात्र निर्जीव, अशी अवस्था येते. 'टायर गोटा झाला' हे डोळ्यांना दिसते. हे दिसत नाही. कधी बाजूच्या भिंतीवर केसासारख्या भेगा दिसतात, कधी त्याही दिसत नाहीत आणि आतला पट्टा सुटू लागलेला असतो. ओल्या रस्त्यावर कडक रबर पकड धरत नाही. वेगात पट्टा सुटला तर टायर फुटतो.

खरे वय कळायला एकच जागा आहे. 2000 सालापासून टायरच्या भिंतीवर चार आकडी ठसा असतो: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर मागच्या शतकातला, पुढे चर्चा नको.

सप्टेंबर 2012 मध्ये इंग्लंडमधील सरे परगण्यात, हाइंडहेडजवळ, संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या तरुणांच्या बसचा पुढचा टायर फुटला आणि तीन माणसे मेली. टायरची नक्षी कायद्याप्रमाणे होती. त्याचे वय साडेएकोणीस वर्षे होते. मेलेल्यांपैकी एकाच्या आईने पुढे वर्षानुवर्षे लढा दिला, आणि 1 फेब्रुवारी 2021 पासून ब्रिटनमध्ये ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांहून जुने टायर वापरायला बंदी झाली. खासगी मोटारी मात्र या बंदीत नाहीत. उलट मे 2018 पासून तिथे चाळीस वर्षांहून जुन्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतूनही सूट आहे. आपल्याकडे जुलै 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. त्या रोजच्या वापरात आणायच्या नाहीत, प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती यांसाठी तेवढ्या काढायच्या. हेतू चांगलाच आहे. पण प्रदर्शनाला जाणारा रस्ता इतरांच्याही वापरातला असतो.

कायदा जिथे हात आखडता घेतो तिथे माणसाची नियत उघडी पडते. हदीसमधला धान्याच्या राशीचा प्रसंग आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पैगंबरांनी (स.) बाजारात राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. वरचे धान्य कोरडे होते. विक्रेत्याने सांगितले, पावसाने भिजले. ते खरेच असावे. त्याने मुद्दाम पाणी ओतलेले नव्हते. तरीही त्याला विचारले गेले की ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस. आम्हाला या प्रसंगात नेहमी जाणवते ती ही गोष्ट: दोष पावसाचा होता, तरी लपवणूक त्याची ठरली. रबर म्हातारे होते यात जुन्या मोटारीच्या मालकाचा काही गुन्हा नाही. पण वरची भरगच्च नक्षी दाखवून तो रस्त्यावर येतो, तेव्हा समोरून येणारा सायकलस्वार त्या राशीचे कोरडे दाणेच पाहत असतो.

आणि राशीत हात घालणारा कोण? इथे या विषयाशी आपला जो संबंध आहे तो सांगून टाकतो. आपल्या देशात मुसलमान तरुणाला हिणवायचे झाले की 'पंक्चरवाला' हा शब्द फेकला जातो. त्यावर आपले सुशिक्षित लोक घाईघाईने डॉक्टर-इंजिनिअरांची यादी वाचून दाखवतात. जणू त्या शब्दात खरोखरच लाज आहे! आम्हाला ती यादी पटत नाही. टायर रिमवरून उतरवून त्याच्या पोटात उघडा हात फिरवणारा, तुटलेली तार बोटाने शोधणारा, फुगवटा अंगठ्याने दाबून पाहणारा माणूस जे जाणतो ते पदवीने कळत नाही. त्याला एक गोष्ट करावी लागते जी आपल्यापैकी पुष्कळांना आयुष्यात कधी करावी लागत नाही: आपल्याहून शंभरपट श्रीमंत गिऱ्हाइकाला तोंडावर सांगावे लागते की हा टायर मेला आहे, मी चढवणार नाही. गिऱ्हाईक जाईल. शेजारच्या दुकानात कुणीतरी चढवून देईल. तरी नाही म्हणणे ही साक्ष आहे, आणि साक्ष देणे आपल्या धर्मात किती मोठे काम मानले आहे ते वाचकांना सांगायला नको. सगळेच असे वागतात असा आमचा दावा नाही. जो वागतो त्याला कुणी मोजत नाही, एवढेच म्हणायचे आहे.

दुसरी एक शंका आपल्या घरातल्या संस्कारातून येते. नक्षी शाबूत असलेला टायर टाकून देणे हा इसराफ नव्हे काय? भाकरीचा तुकडा पडला तरी उचलून ठेवणाऱ्या घरांत वाढलेल्या माणसाला असे वाटणारच. पण टायरची उपयुक्तता पकडीत आहे आणि ती संपली आहे. उरली ती आकृती. त्या आकृतीला दुसरे काम द्यावे. कोकणातल्या धक्क्यांवर होड्या घासू नयेत म्हणून जुने टायर टांगलेले असतात, मुलांचे झोके होतात. एक मात्र करू नये: असा टायर जुन्या मालाच्या बाजारात सोडू नये. श्रीमंताच्या गाडीतून उतरलेली जोखीम तिथून गरिबाच्या गाडीवर चढते, आणि तिला दान म्हणण्याची सोयही होते. देण्यापूर्वी सुरीने कापून टाकावा.

तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत थिसियसच्या जहाजाचे कोडे सांगतात. अथेन्सच्या लोकांनी ते जपण्यासाठी कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या. मग ते जहाज तेच राहिले का, असा वाद प्लुटार्कने नोंदवला आहे. जुन्या मोटारीचे शौकीन हे कोडे मोठ्या आवडीने टायरला लावतात. आमच्या मते टायर त्या कोड्यात बसतच नाही. फळी टिकावी म्हणून बसवलेली असते. टायर झिजावा म्हणूनच बनवलेला असतो. 1961 चा ग्राहकही ठरावीक मैलांनंतर तो फेकून नवा घालत होता. तेव्हा 1961 चा टायर आज जपून वापरणारा माणूस असे काही करतो आहे जे 1961 मधल्या कुणीही केले नव्हते. मूळाशी निष्ठा राखतो आहोत असे त्याला वाटते आणि मूळ रीतच त्याने मोडलेली असते. कोकणातली जुनी मशीद कौले बदलल्याने नवी होत नाही, आणि गळकी कौले ठेवल्याने अधिक जुनीही होत नाही.

परंपरेविषयी आपल्याकडे जे वाद चालतात त्यांत हा घोळ पुष्कळदा दिसतो. काहीजण टायरलाच चासी समजून कवटाळतात, काहीजण चासी टायरसारखी बदलायला निघतात. ही उपमा फार ताणू नये. मोटार बनवणाऱ्याने कोणता भाग कधी बदलायचा ते पुस्तिकेत छापून दिलेले असते. दीनच्या बाबतीत ते ठरवायला इज्तिहादचे कष्ट घ्यावे लागतात आणि ते कष्ट कोणी घ्यायचे यावरच आपले अडते.

एका प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आमच्यापाशी नाही. आज बनलेला, ताजा क्रॉसप्लाय टायर घालून कुणी जुन्या चालीचा आनंद घेऊ पाहत असेल तर? चारही चाकांना एकच जात असावी. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय तर कधीच नको, त्याने मागचा भाग आधी सुटतो आणि ब्रिटनमध्ये ते बेकायदाही आहे. एवढे पाळले तरी पावसात ती गाडी रेडियलवाल्या गाडीपेक्षा उशिरा थांबणार. स्वतःच्या आनंदासाठी इतरांवर एवढी जोखीम टाकावी का? कठोर तर्क म्हणेल, मुळीच नको. पण मग त्या गाडीत एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. तोच तर्क पुढे नेला तर साऱ्या जुन्या गाड्या संग्रहालयात डांबाव्या लागतील, आणि न धावणारी मोटार ही मोटारही राहत नाही. आम्ही सध्या एवढ्यावर थांबतो की वस्तूच्या स्वभावातून येणारी जोखीम उघड असते. गाडीचे रूपच समोरच्याला सांगते की मी जुनी आहे, अंतर ठेव. हलगर्जीतून येणारी जोखीम अशी काही खूण देत नाही. पहिलीला मर्यादेत सवलत असावी, दुसरीला नसावी. ज्यांचे कुणी रस्त्यावर गेले आहे त्यांना हा फरक पटेलच असे नाही.

काही मालक दोन संच ठेवतात: जुना प्रदर्शनासाठी, ताजा रस्त्यासाठी. जुन्या संचावरची गाडी ट्रेलरवरून जात असेल तर आमची हरकत नाही. मात्र नवे चार टायर घेणाऱ्यांपैकी कितीतरी जण पाचवा विसरतात. ई-टाइपचे जादा चाक मागच्या डिकीच्या फळीखाली असते. वर्षानुवर्षे त्यावर सामान ठेवले जाते. गाडीतला सर्वांत जुना टायर बहुधा तोच, आणि तो बाहेर निघतो तो भर रस्त्यात, पंक्चर झाल्यावर, घाईत, कधी रात्री. त्याच्यावरचे चार आकडे तेव्हा कुणी वाचत नाही.